ब्रॅगडनांच्या दोन केझाया

— नवव्या वर्षी बाप झाला म्हणता? नाही, हसत नाहीये मी, मिस्टर ऑर्डवे. वंशावळीचा तक्ता तुम्हीच छापून आणलाय, हे बघा — जॉन ब्रॅगडन थोरला, त्याच्याखाली रेघ, आणि रेघेच्या टोकाला त्याचा मुलगा जॉन ब्रॅगडन धाकटा. आता दोघांच्या जन्मांत अंतर किती ते मोजा. ओहायोत दातांचे डॉक्टर म्हणून लोकांचे दात काढत होतात ना तुम्ही इतकी वर्षं, मोजायला येत असेल. नऊ. म्हणजे स्वतःचे दुधाचे दात पुरते पडले नव्हते आणि पोरगा झाला — शाब्बास. काय म्हणता? सगळ्यांनी असंच लावलंय? लावलं असेल ना. पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात, तुमच्या त्या संगणकावरच्या वंशावळींत उलटंच आहे, पुढच्याला ठेच लागली की मागचे दोनशे जण मुद्दाम येऊन त्याच दगडावर पाय आपटतात. अहो, ते बाप-लेक नव्हतेच. नातंच नव्हतं दोघांचं. एक इंग्लंडातल्या डेव्हनचा, एक तिथल्याच यॉर्कशायरचा, योगायोगानं एकाच गावात येऊन बसले, आणि गावाच्या कारकुनाला दोघांत फरक करायला हवा म्हणून वयानं मोठा तो थोरला, लहान तो धाकटा. बस. एवढंच. थोरला मेला की धाकट्यालाच दुसऱ्या दिवसापासून थोरला म्हणायला लागायचे. मग तुम्ही येता तीनशे वर्षांनी आणि म्हणता, अरे वा, बाप-लेक. आणि हे एवढ्यावर थांबत नाही तुमचं — तक्त्याच्या टिपांचं पान उलटा, दोघांचे कागद एकाच्याच नावावर घातलेत — हा माणूस एका वर्षी जमिनीच्या कागदावर झोकात सही करतो आणि पुढच्या वर्षी सहीच्या जागी गवताच्या दाताळ्यासारखी खूण काढतो. विसरला का लिहायला? डोक्यात झाड पडलं? मिस्टर ऑर्डवे, सही करणारा पाणचक्कीवाला. दाताळं काढणारा चांभार. चांभाराला आयुष्यात कधी अक्षर आलं नाही, आणि त्यात त्याची काही लाज नव्हती, पण तुम्ही त्याला पुसूनच टाकलंत, त्याची बायको पाणचक्कीवाल्याच्या घरात घातलीत, आणि त्याची मुलं — बसा. बसा, ती खुर्ची डुगडुगते पण मोडत नाही.

नाही, शिक्का मी देणार नाही. शनिवारी ब्रॅगडनांचा मेळावा आहे मला ठाऊक आहे. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर वर्षी असतो, मीच तर बीन्सची हंडी नेते. तुम्हाला हा आठ फुटी तक्ता तिथे भिंतीवर लावायचाय, आणि गावच्या जुन्या नोंदी सांभाळते ती मी, माझ्या शिक्क्याशिवाय इतिहास मंडळ लावू देत नाही, म्हणून तुम्ही माझ्या पायऱ्या चढून आलात — नाहीतर कोण येतंय इथे वर. बायको गाडीत बसलीय ना तुमची? मग बोलवा की तिला. नको? बरं. धुकं उतरलंय, गाडीत थंडी वाजेल तिला, तुमची मर्जी. तर शिक्का नाही. जॉनांचं एक वेळ मी सोडून देईन, पुरुष मंडळी आहेत, जमिनी आहेत, भांडणं आहेत, आज ना उद्या कुणीतरी त्यांना वेगळं काढील. पुरुषांच्या मागे कागद राहतात. पण हे काय केलंय? हे. इथे. माझं बोट आहे तिथे बघा, माझ्याकडे काय बघताय.

केझाया ब्रॅगडन. चांभाराची मुलगी. तुमची पणजीची पणजीची कोण ती, जिच्यापासून तुम्ही ऑर्डवे लोक खाली उतरता. तुम्ही लिहिलंय जन्म एकसष्टचा — सोळाशे एकसष्ट — लग्न झालं, अकरा मुलं झाली, म्हातारी होऊन गेली. आता मला सांगा, गावाच्या नोंदीत त्रेसष्टच्या हिवाळ्यात एक ओळ आहे, 'केझाया, ब्रॅगडन चांभाराचे मूल, वारले', ती ओळ तुम्ही वाचलीत का? वाचलीत. वाचलीत आणि काय केलंत? चूक असेल म्हणून सोडून दिलीत. कारकुनाची चूक. म्हणजे नऊ वर्षांचा बाप तुम्हाला बरोबर वाटतो आणि मेलेलं मूल चूक वाटतं. अहो, दोन होत्या. पहिली मेली. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी झाली, तिला तेच नाव दिलं. द्यायचेच. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव, या भागात घरोघरी तेच, एका घरात तर मी तीन सॅम्युअल मोजलेत, तिसरा जगला. तुमची आजी जी आहे ना ती दुसरी. पहिलीचा जन्म उचललात आणि दुसरीच्या आयुष्याला चिकटवलात, झालं तुमचं काम.

काय म्हणालात?

परत म्हणा. नाही, म्हणा ना, एकदा म्हणालात तर दोनदा म्हणायला काय हरकत आहे. दोन-तीन वर्षांनी काय बिघडतं. अच्छा. तीनशे साठ वर्षांनंतर दोन-तीन वर्षांनी काय बिघडतं. बरोबर आहे तुमचं, तुमचं काहीच बिघडत नाही, तुम्ही खालीच उतरणार, या बाजूनं नाहीतर त्या बाजूनं, शनिवारी तक्त्यासमोर उभे राहून फोटो काढणार. बिघडतं तिचं. दोन वर्षांची होती ती. चालत असेल. बोलत असेल दोन-चार शब्द. चुलीजवळ जाऊ नको म्हणून रोज मार खात असेल. तिच्या नावावर त्या एका ओळीपलीकडे काही नाही, दगड नाही, काही नाही, आणि तुम्ही ती ओळही काढून घेतलीत. आणि दुसरीचं तर — दुसरीचं त्याहून वाईट. दुसरीला आपला स्वतःचा जन्मदिवससुद्धा नाही तुमच्या तक्त्यात. ती उसन्या दिवशी जन्मलीय. चिडू नका म्हणता? मी चिडलेली नाही. मी अशीच बोलते, गावात कुणालाही विचारा, मिस ब्रॅगडन अशीच बोलते, आणि बोलायला लागली की —

हो, मीही आहे त्यात, मघाशी सांगितलंत. मला खूश करायला सांगितलंत, कळलं मला. सगळ्या फांद्या भरल्यात तुम्ही, अगदी आमच्या बापापर्यंत आलात. चांगलं. कुठे आहे मी? खाली? चष्मा — हां. एलायहू ब्रॅगडन, शेतकरी. बरोबर. बायको लव्हिना. बरोबर. मूल एक. केझाया. जन्म अकरा मार्च एकोणीसशे चव्वेचाळीस.

मूल एक.

काही नाही. वाऱ्यानं खिडकी वाजतेय, लाकूड फुगलंय तिचं.

कुठून घेतलीत तारीख? टाउन हॉलच्या नोंदीतून. नोंद खरी आहे हो, नोंदीला कोण खोटं म्हणतंय. अकरा मार्चला केझाया ब्रॅगडन जन्मलीच. फक्त ती मी नव्हे. मी सेहेचाळीसच्या ऑक्टोबरातली, माझी नोंद कुणी केलीच नाही. — नाही, माफी नका मागू, माफी मागितल्यानं काय होतंय. ऐका. आता विषय काढलातच तर ऐका, नाहीतर बाहेर जाऊन म्हणाल म्हातारी विनाकारण अंगावर आली. पहिली डांग्या खोकल्यानं गेली. त्या फेब्रुवारीत. तुमच्याकडे जमीन किती गोठते ठाऊक नाही, इथे कुदळ उसळून परत येते, म्हणून हिवाळ्यात मेलेलं माणूस टेकडीच्या पोटातल्या दगडी खोलीत ठेवायचे, एप्रिलपर्यंत. तर ती तिथे होती. आणि एप्रिलात जमीन सुटली, पुरलं तिला, दगड घडवणारा आला बापाकडे विचारायला, काय कोरू. आणि आई पोटावर हात ठेवून दारात उभी, म्हणाली, "दगड कशाला? केझाया येतेय ना." म्हणजे मी. मी अजून जन्मले नव्हते आणि माझं येऊन झालं होतं. दगड नाहीच बसवला. आजही नाहीये. ती कुठे आहे ते मला बापानं दाखवलं म्हणून ठाऊक, दफनभूमीच्या कुंपणाच्या कोपऱ्यात, ब्लूबेरीचं झुडूप वाढलंय तिथे.

बापाला विचारलं मी, बारा वर्षांची असताना, तळघरात सफरचंदं निवडत होतो दोघं, नासकी वेगळी काढत होतो. म्हटलं मला तिचं नाव का दिलंत. तो मान वर न करता म्हणाला, "ब्रॅगडनांच्या घरात केझायाची जागा कधी रिकामी राहिली नाही." अभिमानानं म्हणाला हो. त्याला वाटलं मला बरं वाटेल. जागा. नाव म्हणजे काय खुंटी आहे, एक टोपी पडली की दुसरी अडकवा? पण बापावर माझा राग नाही, बाप साधा माणूस. आई — आईचं तुम्हाला काय सांगू. केक मार्चमध्ये व्हायचा माझा. अकरा मार्चला. मेणबत्त्या तिच्या वयाच्या. फ्रॉक शिवायची तो तिच्या मापाचा, म्हणजे ती आज केवढी झाली असती त्या मापाचा, आणि मी आत हरवलेली, बाहीतून बोटं बाहेर यायची नाहीत. बुटांच्या टोकात लोकर कोंबायची. आणि गावाला काही कळलं का? छे. या गावात सगळेच मापाहून मोठं घेतात, पुढच्या वर्षी पुरेल म्हणून. उलट बायका म्हणायच्या, लव्हिना ब्रॅगडनकडून काटकसर शिकावी. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी येईल बरोबर. पुढच्या वर्षी फ्रॉक आणखी मोठा. ती काही थांबत नव्हती ना वाढायची. मी जिवाच्या आकांतानं जेवायचे, दूध ढोसायचे, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायचे. कधी गाठलीच नाही तिला. चार वर्षांची होते तेव्हा आई मला शाळेत घेऊन गेली आणि बाईंना सांगितलं सहा पूर्ण आहेत. बाईंनी परत पाठवलं. घरी येताना रस्ताभर आई माझ्याशी बोलली नाही, जसं काही लहान राहण्यात माझाच काही डाव होता. आता तुम्ही सांगा. दोन वर्षांनी काय बिघडतं, सांगा ना, मिस्टर ऑर्डवे, तुम्ही शिकलेले आहात.

तिचा राग यायचा मला, पहिलीचा. हे मी कुणाला बोलले नव्हते. त्या झुडपाच्या ब्लूबेरी गावातली पोरं खायची, मी कधी खाल्ल्या नाहीत. तिच्यावर जळायचे मी, तिला मरून बसायचं होतं तर नीट मरायचं होतं, माझ्या अंगात कशाला राहिली. मग मोठी झाले, ही खोली माझ्याकडे आली, हे सगळे कागद, आणि बघते तर प्रत्येक घरात दोन-दोन, तीन-तीन, आणि तुमच्यासारखे लोक येतात आणि पटापट एकत्र करून टाकतात. तेव्हा मला कळलं की तिनं माझं काही घेतलं नव्हतं. तिला बिचारीला तर धड मरूही दिलं नाही. आम्हा दोघींत मिळून एकच काय ते माणूस मान्य झालं. आणि मी गेले की संपलं. मला मूल नाही, भाऊ-बहीण नाही. दोघी होत्या हे ठाऊक असलेलं माणूस माझ्यानंतर उरत नाही, फक्त तुमचा आठ फुटी तक्ता उरतो. मूल एक.

ते डोळे नका पुसू, मिस्टर ऑर्डवे. त्यापेक्षा दुरुस्त करा. आत्ता. हो, आत्ता, फोनवर होतं म्हणता ना? काढा मग. घाला तिला आधी. केझाया. जन्म अकरा मार्च, तो तिचाच आहे, तिच्याकडेच राहू दे. मृत्यू, फेब्रुवारी सेहेचाळीस. तारीख ठाऊक नाही, कुणी लिहून ठेवली नाही. झालं? आता दुसरी. केझाया. ऑक्टोबर दोन, सेहेचाळीस. आई तीच, बाप तोच. मृत्यूची जागा मोकळी सोडा, अजून आहे ती. कधी नव्हे ते माझा ऑक्टोबर कुठेतरी — काय झालं? घेत नाही? का घेत नाही? काहीतरी विचारतोय? मला दाखवा. जवळ धरा, अक्षरं बारीक आहेत.

"नाव तेच, आईवडील तेच. या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का?"



आणि खाली 'होय' आणि 'नाही'.

एवढंच विचारतो होय हा. बरंय. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. — नाही, तुम्ही नाही दाबायचं. हात काढा. मी दाबते. 'नाही' कुठलं, हे डावीकडचं ना. दाबलं. काही झालं नाही. दाबलं हो मी, परत दाबते. का घेत नाही हा माझं बोट? सुकलेल्या म्हाताऱ्या बोटांचं याला कळत नाही? कातडं निबर झालंय म्हणून? अजब आहे. मी इथे बसलेय, जितीजागती, बोट ठेवून, आणि याला वाटतंय कुणी नाहीच.

नको. तुमचं बोट नको म्हटलं ना. बोट ओलं करून बघते मी, होईल. तुम्ही खाली जा, बायकोला खाली कोपऱ्यावरच्या वर्गीसच्या दुकानातली कॉफी पाजा, तो तक्ता गुंडाळून न्या बरोबर, शनिवारच्या आत नवा छापून आणा, मग शिक्क्याचं बघू. फोन राहू दे इथे. राहू दे, मी काही पळवत नाही. जिना उतरताना कठडा धरा, आणि दार ओढून घ्या.

जा म्हणते ना.