ज्योतीच्या गळ्याखालचे निळे ठिपके

मंडळी, ज्योतीच्या फोटोला घातलेला हार मांजरसुंब्याहून आणला. दीडशे रुपये. उदबत्तीचा पुडा वीस. ती असती तर हारवाल्याशी भांडून शंभरात आणला असता, वर गजरा मागून घेतला असता. तुम्ही एवढी माणसं कामं टाकून आलात. बचत गटाचा जमाखर्च वाचून दाखवायची सवय आहे मला. सुनेच्या माघारी काय बोलायचं, ते मला येत नाही.

एकोणतीस वर्षांची होती. काही लपवून आली नव्हती. बघायला गेलो तेव्हा तिच्या आईनंच सांगितलं, "लहानपणी कॅन्सर झालता. छातीला मशीनचा शेक दिला. आता बरी हाय." मी म्हणाले, बरी आहे ना? मग झालं. कुंकू लावूनच उठले.

हळदीच्या वेळी बायकांना तिच्या गळ्याखाली निळे ठिपके दिसले. शेक कुठे द्यायचा, त्याच्या खुणा. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "हे कसलं गं गोंदण, नुसते ठिपके?" ही म्हणते, "काय करू काकू, गोंदणारीण अर्ध्यात पळून गेली." अख्खा मांडव हसला.

मंडळी, त्या खुणा आम्ही सगळ्यांनी पाहिल्या. कळलं कुणाला?

गेल्या नवरात्रात देवीच्या पायऱ्या चढताना ती मधेच बसली.

"काहून गं, काय झालं?"

"आत्या, लई दम लागतोय. तुमी व्हा पुढं. देवीला सांगा, सून येतीय मागून."

सासू पुढं आणि सून मागं! आम्ही दोघी हसलो. घरी येऊन मी शेंगदाण्याचे लाडू करून घातले. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या. त्यांना तरी काय बोलू? त्यांनी विचारलं नाही, आम्हाला सांगायचं सुचलं नाही. बरं झालेलं दुखणं कोण सांगत बसतं?

गोळ्यांनी दम कमी होईना, तेव्हा शहरात नेलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासताना ते ठिपके पाहिले आणि त्यांचा हात थांबला. "शेक कितव्या वर्षी दिला?" नवव्या. मग म्हणाले, त्या शेकानं हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्या हळूहळू खराब होत गेल्या. आतल्या आत. इतकी वर्षं.

मी विचारलं, "मग द्यायलाच नको होता का?"

"मावशी, दिला नसता तर ती तेव्हाच गेली असती."

आता मी कुणाला बोल लावू? शेक नसता तर ज्योती आमच्या दारात आलीच नसती. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, त्याआधीच गेली. रोज देवापुढं बसते. हात जोडले जातात, मागायचं काय ते सुचत नाही.

एकच मागणं आहे, ते तुमच्याकडं. लहानपणी दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर काजल नावाची मुलगी होती. शिरूर कासारकडची, आईबाप ऊसतोडीला जाणारे. तिलाही छातीला शेक. शेवटी शेवटी ज्योती विचारायची, "आत्या, काजलला बी दम लागत असंल का हो?" आडनाव काही तिला आठवलं नाही. तुमच्यातले कितीतरी ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातात. तिथल्या झोपड्यांत, कोपीकोपीत विचारा. गळ्याखाली निळे ठिपके असलेली, तिशीच्या घरातली बाई. तिला सांगा, दम लागो न लागो, हृदय तपासून घे. शेक घेतलाय हे डॉक्टरला आधी सांग.

आता सगळे उभे राहू. ज्योतीसाठी जरा वेळ कुणी बोलू नका.

आणि जाताना दारातली पोस्टकार्डं एकेक उचला, माझा पत्ता घातलाय. फोन करू नका, फोनवर मला रडू येतं, निरोप ध्यानात राहत नाही. काजल सापडली तर उलट टपाली कळवा. नुसतं 'आहे' एवढं लिहिलं तरी चालेल.