दीपालीचा माइक खाली कोण करतं?

...आणि वर मलाच म्हणतात, काकी, तुमी जरा गप बसा! आता तुमाला सांगते, मी बोललेच नव्हते. म्हणजे बोलले होते, पण कामापुरतं. असू दे. मला आता कायच वाटत नाय.

झालं काय, आमच्या समोरच्या खोलीतल्या दीपालीला घरबसल्या नोकरी लागली. गिऱ्हाइकांच्या तक्रारी कॉम्प्युटरवरून ऐकायच्या, पण आधी सात दिवस बघणार, मग पक्की करणार. नवरा धीरज, त्याची बोईसरची कंपनी दिवाळीपासून बंद, म्हणजे सगळा भार ह्या पोरीवर! तिसऱ्या दिवशी ही बोलतेय, बोलतेय, आणि तिकडून साहेब, "मॅडम, आवाज नहीं आ रही!" बघते तर माइकचा आवाज नव्वदवरून वीसवर! आपोआप! वर केला, परत खाली. साहेब म्हणाला, "एक बार और हुआ, तो सॉरी हां मॅडम." पोरगी रडकुंडीला आली. मला सगळं दिसलं, मी तिच्याच उंबऱ्यावर होते ना, बोंबील साफ करत, तिला सोबत म्हणून. मी हात लावला का कॉम्प्युटरला? नाय! तरी... असू दे, मला आता कायच वाटत नाय.

मी म्हटलं, माइकला पंख्याचा वारा लागत असेल, रुमाल गुंडाळ. गुंडाळला. तरी आवाज परत वीसवर. म्हटलं, दृष्ट काढते. मीठमिरच्या ओवाळून जाळल्या, तर ती पोरगीच खोकत सुटली!

मग धीरज बसला बघत. अर्धा तास नुसता बघतोय, कॉम्प्युटरकडे नाय ओ, माझ्याकडे! मी आपलं खालच्या दमयंतीला विचारलं, "पाणी आलं का गंऽऽ?" आणि माइक वीसवर.

"काकी," तो म्हणाला, "मोठा आवाज आला की हा स्वतःच माइक खाली करतो. तुमचं झाल्यावर दीपालीचं कोण ऐकणार?"

आता मी माहेरची मुरबे गावची! लाटा आणि मासळीचा लिलाव, दोन्हींच्या वर बोलत वाढले. आमच्यात कानात सांगितलेलं होडीपर्यंत ऐकू जातं, त्याला मी काय करू?

धीरजनं कॉलच्या प्रोग्राममधली, माइक आपोआप कमीजास्त करायची टिक काढली. विंडोजच्या साउंडमध्ये दुसऱ्या प्रोग्रामांना माइकचा ताबा घ्यायची मुभा होती, तीही काढली. नव्वदला ठेवला, तो नव्वदलाच! मी आनंदानं ओरडले, "जमलं गं बायोऽऽ!" तिकडून साहेब, "मॅडम, आपके पीछे कौन लड़ रहा है?"

तेव्हा दीपालीनं दार लावलं. हळूच हां, हात जोडून. "काकी, फक्त सहापर्यंत."

नोकरी पक्की झाली. पेढा पहिला मलाच दिला, पोरगी गुणाची हाय. पण आमच्या मजल्यावर दिवसा दार लावायची रीतच नव्हती ओ! आता रोज नऊ ते सहा बंद. आमचे हे तारापूरला कामाला, घरी आले की जेवतात नि झोपतात. तुमी म्हणाल, वाईट वाटत असेल. छे, मला आता कायच वाटत नाय...

अहो, उठताय कुठं? सहाला अजून दोन तास हायत, बसा की!