पर्यायी व्यवस्था म्हणून उभा केलेला माणूस

मी खाली सही करणारी, वय चोवीस वर्षे, व्यवसाय नोकरी, अणुवीज केंद्राच्या सुरक्षा विभागात कनिष्ठ सहायक, शिक्षण पदवीपर्यंत, राहणार केंद्राची कर्मचारी वसाहत, दवाखान्यामागची रांग, आज पोलीस ठाण्यात आपणहून हजर राहून समक्ष जबाब देते की,

मला कोणी बोलावलेले नाही. मालाच्या दरवाजावरील घटनेत जे रक्षक जखमी झाले ते माझे सख्खे मामा आहेत. हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे, मी नाते लपवले असे नंतर कोणी म्हणायला नको. मी जे सांगते ते स्वतः पाहिलेले किंवा माझ्यासमोर बोललेले आहे. जिथे फक्त ऐकले आहे तिथे तसे सांगेन.

माझे काम असे की, नियामक मंडळाकडून केंद्राला येणाऱ्या सुरक्षेच्या सूचनांची उत्तरे तयार करायची. मंडळाच्या आदेशाप्रमाणे मालाच्या दरवाजावर जमिनीतून वर येणारे लोखंडी खांब बसवायचे होते. असे खांब वर असले की भरधाव ट्रकसुद्धा त्यांच्यावर अडकतो, आत येऊ शकत नाही. खांब कधीच आलेले आहेत. ते भांडाराच्या भिंतीलगत आडवे पडले आहेत आणि रक्षक डबा खायला त्यांच्यावर बसतात. त्यांच्यासाठी खणलेल्या खड्ड्यांवर पत्रा टाकलेला आहे. काम पुरे करण्याची मुदत आजवर तीनदा वाढवून घेतली. एकदा ठेकेदार बदलला म्हणून, एकदा पावसामुळे, एकदा खांब वर उचलणाऱ्या मोटारीचा सुटा भाग मिळत नाही म्हणून. याच काळात पाहुण्यांच्या विश्रामगृहाचे अंगण दोनदा उकरले आणि दोनदा नव्याने केले. हे मला विचारलेले नाही, तरी सांगते.

मुदतवाढ मागताना एक अट असते. काम होईपर्यंत त्या जागी पर्यायी व्यवस्था काय केली ते मंडळाला दाखवावे लागते. आमच्याकडे पर्यायी व्यवस्था म्हणजे माणूस. जिथे कॅमेरा नाही तिथे एक माणूस बघत बसतो, जिथे कुंपण नाही तिथे एक माणूस फेऱ्या घालतो. हे सगळीकडे चालते असे मला नोकरी लागल्यावर सांगण्यात आले. पण बघण्याचे काम माणूस करू शकतो. ट्रक अडवण्याचे काम माणूस कसे करणार, हे मी तेव्हाच विचारले होते. आमचे सुरक्षा प्रमुख, ज्यांना विभागात सगळे पाठीमागे ‘होईल-होईल’ म्हणतात, ते म्हणाले, “तू नवीन आहेस. चाचणीला ये, मग कळेल.”

दुसऱ्या मुदतवाढीच्या आधी ती चाचणी झाली. मंडळाचे एक निरीक्षक आले होते. मी हजेरी घेण्यासाठी तिथे उभी होते. पत्र्याच्या पुढे रस्त्यावर पिवळ्या रंगाने एक चौकोन काढला होता. त्यात मामांना उभे केले. आमच्याच विभागाच्या जीपवाल्याला सांगितले होते की उतारावरून जोरात ये आणि आत घुसायचा प्रयत्न कर. तो आला. मामांनी हात वर केला. जीपवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि मामांपासून हातभर अंतरावर गाडी थांबवली. मग खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाला, “अहो मामा, तुमच्या अंगावर गाडी घालू होय? संध्याकाळी तुमच्याच घरी चहाला यायचंय मला!”

सगळे हसले. निरीक्षकही हसले. त्यांनी विचारले, “थांबली ना गाडी?” प्रमुख म्हणाले, “थांबली की साहेब. तुमच्या डोळ्यांदेखत.”

मी पुढे होऊन म्हणाले की, जीपवाला ओळखीचा आहे म्हणून तो थांबला, ज्याला घुसायचे असेल तो थांबणार नाही. प्रमुख म्हणाले, “मग काय चाचणीसाठी भाड्याने अतिरेकी आणू?” पुन्हा सगळे हसले. निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिले आणि घड्याळाकडे पाहिले. मुदतवाढ मिळाली. त्या दिवसापासून मामांचे नाव ‘खांब’ पडले.

मला विचारण्यात आले की, या जुन्या गोष्टींचा घटनेशी काय संबंध. हवालदार साहेब म्हणाले, “ताई, अपघातापुरतं बोला.” मी सांगते की हेच अपघातापुरते आहे. हे गाळले तर माझा जबाब घेऊ नये, मी उठते.

चाचणीनंतर काही दिवसांनी मी मालाच्या दरवाजावर हजेरी घेत असताना एक मोठी गाडी हॉर्न वाजवत आली. मामा सवयीने दोन पावले बाजूला झाले. प्रमुख मागे उभे होते. त्यांनी सगळ्या रक्षकांसमोर मामांना विचारले, “अहो, खांबच चालायला लागला तर आम्ही काय करायचं?” मग सगळ्यांना उद्देशून म्हणाले, “चौकोन सोडायचा नाही. काहीही झालं तरी सोडायचा नाही. आपण मंडळाला शब्द दिलाय.” हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. तिथे नऊ रक्षक होते. त्यांतला कोणी हे ऐकले नाही म्हणत असेल तर त्याला माझ्यासमोर आणावे.

मामा हसले, पण संध्याकाळी आमच्याकडे आले तेव्हा बूट न काढता दारातच उभे राहिले. मला म्हणाले, “तू शिकलीस म्हणून विचारतो. गाडी खरंच नाही थांबली तर?” मी म्हणाले, “मामा, सरळ उडी मारायची.” ते म्हणाले, “मग साहेबांची चाचणी खोटी पडेल की गं.” आमच्या घरात वर्दीची नोकरी मिळालेले ते पहिले आणि कॉलेजात गेलेली मी पहिली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “दोघं मिळून केंद्र चालवताय जणू. चहा निवतोय.” दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांना तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, “तुझा मामा भक्कम आहे. आणि ट्रकवाल्यांनाही जीव प्यारा असतो.”

घटनेच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी मालाच्या दरवाजालगतच्या पास खिडकीत बसले होते. विश्रामगृहाच्या अंगणासाठी काँक्रीट घेऊन येणारी गाडी उतारावरून खाली येत होती. ती वेगात होती आणि हॉर्न एकसारखा वाजत होता. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता, हाताने ‘सरका, सरका’ करत ओरडत होता, “ब्रेक गेला! ब्रेक गेला!” हे मी स्पष्ट ऐकले. दरवाजावरचा दुसरा रक्षक, ज्याला सगळे ‘पैलवान’ म्हणतात, तो ओरडला, “मामा, बाजूला व्हा!” मीही ओरडले. मी काय ओरडले ते मला आठवत नाही.

मामा चौकोनात उभे होते. त्यांनी हात वर केला.

ड्रायव्हरने शेवटच्या क्षणी चाक वळवले, म्हणून गाडी अंगावर सरळ गेली नाही. पत्रा उडाला, दरवाजाचा आडवा दांडा मोडला आणि गाडी आत शिरली. आत तिला अडवायला काही नव्हते. वीज गेल्यास जी जनित्रे चालवायची असतात त्यांच्या डिझेलच्या टाकीभोवती एक भिंत आहे, त्या भिंतीला धडकून गाडी थांबली. भिंत पडली नाही. पडली असती तर काय झाले असते हे मी सांगू शकत नाही, कारण ते माझ्या अभ्यासाबाहेरचे आहे. ज्यांच्या अभ्यासातले आहे त्यांना विचारावे. भिंतीचा उल्लेख बाहेर करू नये असे आम्हाला त्याच संध्याकाळी तोंडी सांगण्यात आले. मी तो इथे करत आहे.

गाडीचा ड्रायव्हर पळून गेला नाही. तो धावत मागे आला आणि त्याने अंगातला शर्ट काढून मामांच्या डोक्याखाली ठेवला. तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, “हे सरकले का नाहीत? ताई, मी हॉर्न देत होतो, हे सरकले का नाहीत?” तो सध्या आपल्याच कोठडीत आहे असे ऐकले. त्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर या जबाबात आहे, ते त्याला कळवावे.

मामांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मामींनी दवाखान्यात काय केले व काय म्हटले ते या जबाबात सांगण्याची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तेव्हा मामा म्हणाले, “साहेब स्वतः आले होते. स्टूल ओढून इथे, माझ्या उशाशी बसले. एवढा मोठा माणूस.” मी विचारले, काय म्हणाले. मामा म्हणाले, “म्हणाले, तुम्ही एवढे जुने, अनुभवी, वेळेवर सरकला असता तर हे झालं नसतं. ते खोटं नाही गं. पोलीस आले तेव्हा मी तसंच सांगितलं. माझंच चुकलं.”

मला विचारण्यात आले की, जखमी स्वतःच चूक कबूल करतात, मग माझी तक्रार काय. तर माझी तक्रार अशी. सरकलात तर खांब चालायला लागला म्हणून चार लोकांत हसायचे. नाही सरकलात तर अक्कल नव्हती म्हणून कागद रंगवायचे. दोन्ही वेळा बोलणारा माणूस एकच होता. मामांनी जे सांगितले ते पाय काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी, उशाशी साहेब बसून गेल्यानंतर सांगितले. तो जबाब आणि हा जबाब एकमेकांशेजारी ठेवून वाचावा. केंद्राच्या चौकशीत घटना ‘रक्षकाच्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे’ घडली असे ठरत आहे. तसे ठरले तर त्यांना नोकरीतून काढतील आणि वसाहतीतली खोली सोडावी लागेल. आई मला म्हणाली, “तू गप्प बस. तुझी नोकरी गेली तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं? शिकवलं ते भांडायला नव्हे.” मी आईला न सांगता आले आहे. माझा आवाज चढला असल्यास तो हवालदार साहेबांवर चढलेला नाही.

आज सकाळी प्रमुखांनी मला खोलीत बोलावले. चौथी मुदतवाढ मागायची आहे, घटनेमुळे मंडळ जरा नाराज आहे, तर मजकूर नीट करून आण, असे म्हणाले. मी विचारले, पर्यायी व्यवस्था म्हणून काय लिहू. ते समोरचा कागद वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “एकाने भागलं नाही ना? मग दोन लिही.”

मी ‘नाही’ म्हणाले. ते म्हणाले, “दोघांत एक पैलवान आहे, काळजी करू नकोस.” मला वाटते ही त्यांची थट्टा होती. मी पर्स घेतली आणि इथे आले.

माझी मागणी अशी आहे की, खांब बसेपर्यंत मालाचा दरवाजा बंद करावा आणि गाड्या मुख्य दरवाजाने सोडाव्यात. तसे केल्याने गाड्यांना लांबचा फेरा पडतो, एवढेच. मागणी जबाबात बसत नाही असे मला सांगण्यात आले. ती बसवावी. तसेच काँक्रीटच्या गाडीच्या ड्रायव्हरविरुद्ध मला काहीही सांगायचे नाही.

हा जबाब लिहून झाल्यावर मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी ‘जखमी इसम वेळीच बाजूला झाला नाही’ असे लिहिले होते. ते मी सांगितले नव्हते. माझ्यासमोर ती ओळ खोडून समासात ‘जखमींना बाजूला होण्याची मनाई होती’ असे लिहिले आणि खोडलेल्या जागी मी व हवालदार साहेब, दोघांनी सही केली. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे. आत्ता मी हे ऐकत असताना मालाच्या दरवाजावरच्या चौकोनात, मी येताना पाहिली ती दोन माणसे उभी आहेत, हेही खरे आहे.