सटुप्पाची दुर्बीण आणि खालची नळी

"आधी ती नळी खाली करा! मग काय बोलायचं ते बोला!"

"अगं ए, नुस्तं बघालोय की!"

"काय बघालाय?"

"डुक्कर!"

"भर दुपारी? भरमू भावजींच्या अंगणात डुक्कर?"

मंडळी, ऐका! हे नवरा-बायकोचं भांडण चाललंय रताळ्याच्या शेतात, राखणीच्या माळ्यावर. वर बसलाय सटुप्पा — हातात रायफल, रायफलीवर हातभर लांब दुर्बीण. शिडीवर अर्ध्यात उभी त्याची बायको बायजा, डोक्यावर भाकरीचं गठुडं. आणि तो म्हणतोय, नुस्तं बघालोय! तर आज माझा तुम्हाला एवढाच सवाल — नुसतं बघितलं, तर त्यात पाप आहे का? मुंड्या हलवू नका, तोंडानं बोला! "नाही महाराज, बघण्यात कसलं पाप?" बरं. बसा तसेच.

सटुप्पाची रताळी रानडुकरं उकरायची. ती पोटभर खाऊन जायची, हा सकाळी वेल उचलून बघायचा — खाली भोक! अर्ज केला. फॉरेस्टवाल्यांनी परवानगी दिली — शेतात घुसलेलं डुक्कर मारायचं, तेवढंच. रायफल बापाच्या वेळची, परवान्याची. आणि नेम? नेम असा, की गोळीचा आवाज झाला तरी डुकरं मान वर करायची नाहीत! हा म्हणतो, "माझा दोष न्हाई. दुर्बीण न्हाई म्हणून." गेला बेळगावला, बंदुकीच्या दुकानात.

दुकानदारानं पहिलंच विचारलं, "काका, मारायचं किती लांबचं?"

सटुप्पा म्हणाला, "दिसतंय किती लांबचं?"

बघा! विचारलं काय, बोलला काय! घोटाळा तिथंच झाला, मंडळी.

"शेत केवढं?"

"वीस गुंठं."

"मग डुक्कर फार तर त्या समोरच्या चहाच्या गाड्याइतक्या अंतरावर. ही बारकी घ्या. हलकी आहे, चटकन नेम धरता येतो. त्या मोठीतनं जवळचं डुक्कर बघाल तर नुसते केस दिसतील. पुढं कुठलं, मागं कुठलं, कळायचं नाही!"

सटुप्पानं बारकी डोळ्याला लावली आणि नाक असं मुरडलं — पोरगी बघायला आलेली सासूच! मग मोठी घेतली. दारात उभा राहिला. रस्त्याच्या पलीकडं, समोरच्या इमारतीच्याही पलीकडं, एका गच्चीवर बाई पापड वाळत घालत होती.

"आयला! जिऱ्याचं हाईत!"

अरे बाबा, तुला मारायचंय काय? डुक्कर का पापड?

पण त्याच्या मनात डुक्कर नव्हतंच हो! मनात होता भरमू. धाकटा भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा आईचं तांब्याचं घंघाळ गायब झालं. हा म्हणतो त्यानं ढापलं, तो म्हणतो ह्यानं. घंघाळ! अंघोळीच्या पाण्याचं! त्यावरनं सख्ख्या भावांचं बोलणं बंद. ओढ्याच्या अलीकडं ह्याचं शेत, पलीकडं त्याचं घर. सटुप्पा मनात म्हणाला, ह्यातनं भरम्याचं अंगण दिसंल! झालं. मोठी दुर्बीण पक्की.

हसू नका. मृदंगवाले, तुम्ही तर अजिबात हसू नका! तुमचं आणि तुमच्या थोरल्या भावाचं मला ठाऊक आहे.

दुकानदारानं दुर्बीण रायफलीवर बसवून दिली, नेम जुळवून दिला आणि बजावलं, "आता हिची काढघाल करू नका, नेम बिघडतो." एवढी एकच गोष्ट सटुप्पानं ऐकली! म्हणजे भरमूकडं बघायचं तर अख्खी रायफल उचलायची. डोळा जाईल तिकडं नळी. आणि काडतूस? ते आतच! का? तर डुक्कर कधीही येईल म्हणून!

रोज माळ्यावर. रोज घरी येऊन बायजाला बातम्या. "भरम्यानं नवं घमेलं आणलंय." "त्येची बायको चहात दोनदा साखर घालती." "मेव्हणा आलाय, कायतरी शिजालंय!" मटण शिजत होतं, दुसरं काय शिजणार! घंघाळ मात्र दिसेना. आणि डुकरं? ती माळ्याच्या पाठीमागनं यायची. निम्मं शेत खाल्लं. सटुप्पाचं तोंड त्यांनी कधी बघितलं नव्हतं, पाठ मात्र चांगली ओळखीची!

ए, मागं कोण शेंगा फोडतोय? कीर्तन आहे का तमाशा? बंद कर!

तर एक गोष्ट सटुप्पाला फार झोंबायची. भरमूची धाकटी पोरगी, गौरा. अंगणात यायची, माळ्याकडं तोंड करायची आणि हात हलवायची. दुर्बिणीत तो हात सुपाएवढा! "मला वेडावती! बापानं शिकवलंय!" दात-ओठ खायचा. बोट चापावर. नुसतं ठेवलेलं हो! बोट कुठंतरी ठेवायला पाहिजे की नाही?

आता चला त्या दुपारी. "नळी खाली करा" म्हणून बायजा ओरडली. पण हा कसला ऐकतोय! "तूच ये. बघ, कशी वेडावालीया!" ती वर चढली, गठुडं ठेवलं, वाकून डोळा लावला. 

"अहो, ही फुली कसली?"

"नेमाची. फुली जिथं, गोळी तिथं."

"फुलीत गौरा हाय."

"असू दे की! वेडावालीया न्हवं?"

"वेडावत न्हाई वो ती. हात करालीया. तुमाला." आणि एकदम तिनं दोन्ही हातांनी नळी वर ढकलली, आभाळाकडं. "काडतूस आत हाय?"

"न... नसंल."

"नसंल न्हवं! बघा!"

सटुप्पानं रायफलीचा बोल्ट मागं ओढला. खळ्ळ! पिवळंधमक काडतूस फळीवर पडलं, घरंगळलं, भाकरीच्या गठुड्याला टेकून थांबलं.

दोघंही त्याच्याकडंच बघत राहिली. गच्चीवरच्या पापडातलं जिरं ओळखणारा माणूस — त्याला आता उतरायला हाताजवळची शिडी दिसेना.  रायफल बायजानंच काढून घेतली.

मग त्यानं ओढ्यापलीकडं बघितलं. नुसत्या डोळ्यानं. काय दिसणार? एक ठिपका. ठिपका अजून हात करत होता. रोज करत होता, मंडळी! काका बघतोय म्हणून! सटुप्पानं हात वर केला. पहिल्यांदा. आणि तो ठिपका तिथं उड्या मारायला लागला.

काय? कोण बोललं? "घंघाळाचं काय झालं?" उभा राहा! एवढं सांगितलं आणि तुला घंघाळ पाहिजे? बस खाली!

आणि तुम्ही त्याला हसू नका. सगळ्यांनी मनात तेच विचारलं, मला तोंडं दिसतात तुमची. देवळात आल्यापासून बघतोय — कुणाची साडी, कुणाची गाडी, कुणाची पोरगी कुणाशी बोलली. "नुस्तं बघालोय की!" हो ना? मग घरी जाऊन बोलता कशाला? बोट चापावर असतंय म्हणून! त्या पोरीसारखं पलीकडनं कुणीतरी हात करत असेल, तुम्हाला ते वेडावणं वाटतंय. काडतूस आत आहे का नाही, ते बघा आधी. घरी गेल्यावर नाही! आत्ता, इथं, शेजारी बसलेल्याकडं मान वळवायच्या आत—

मला न्यायला आलेला टेम्पोवाला हॉर्न मारतोय. मानाचा नारळ-बिरळ राहू दे, मला निघायला पाहिजे. सरका, वाट द्या.