महादेवाच्या माळावरचं कुंपण

—नाही, सही अशी लगेच होणार नाही, मॅडम. कागद ठेवा बाजूला. तिथं नको, त्या कोनाड्याला हात लावू नका — ते पेले मुद्दाम एकावर एक रचलेत. भूकंपापासून. जमीन हलली तर माझ्या आधी त्यांना कळेल, म्हणून. पंचवीस वर्षं झाली, वरची पोरं धडधड जिना उतरली की वाजतात, तेवढंच. क्लासची पोरं हो. तीन खोल्यांत नऊजण, नऊच्या नऊ जणांना डॉक्टर व्हायचंय. पाणी घ्या. अर्धाच पेला दिला म्हणून रागावू नका, लातुरात मे महिन्यात पाहुण्याला अर्धा पेला म्हणजे मान आहे.

तर तुम्ही रस्त्याच्या कामाकडून आलात. ओळखपत्र दाखवलंत, मी वाचलं — दोनदा वाचलं. दामिनी संगमेश्वर हुडगे, वनस्पती सल्लागार. उदगीरच्या का? हां. वाईट वाटून घेऊ नका, पण ओळखपत्र माझ्याकडे पूर्वी एकदा आलेलं आहे, त्याच्यावरही शिक्का होता, गोल, जांभळा. आणि तो माणूस तुमच्यासारखाच गोड बोलायचा, सर सर करायचा. असो. तुमचं म्हणणं पुन्हा सांगतो, चुकलं तर थांबवा, माझं हल्ली चुकतं. नांदेडकडे जाणारा रस्ता चौपदरी होतोय. कंधार तालुक्यात तो महादेवाच्या माळावरून जाणार होता. त्या माळावर कंदीलपुष्प आहे, आमच्या भागातली दुर्मिळ वनस्पती, अख्ख्या जगात मोजून दोन-चार ठिकाणी उरलेली — आणि ही गोष्ट कशावरून कळली? तर विद्यापीठात ठेवलेल्या, कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यावरून. खाली चिठ्ठी, चिठ्ठीवर ठिकाण, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. माझं. म्हणून तुम्ही माळाला तारेचं कुंपण घातलं, रस्ता वळवला, आणि सोमवारी तिथं पाटी लावायची आहे, नारळ फोडून लगेच मशीन सुरू. मला शाल. सगळं ठरलंय ना? मग ठिकाण बरोबर आहे अशी माझी सही कशाला? काहीतरी गडबड असल्याशिवाय कुणी सत्तर ओलांडलेल्या माणसाचा जिना... बरं, जिना नाही, तळमजला आहे. पण ऊन तरी तुडवत कुणी येतं का?

काय म्हणालात? माझ्या क्लासला होतात? कोणत्या साली? मग हे आधी का नाही सांगितलं? मी सही करत नाही म्हटल्यावरच बरं आठवलं!

नाही, थांबा — काय? पुन्हा म्हणा. ‘कंदीलपुष्प पुढीलपैकी कोठे आढळते.’ पर्याय क. महादेवाचा माळ. अरे देवा. अजून पाठ आहे तुला! अहो, तो प्रश्न कधी परीक्षेत आला नाही, येणारच नव्हता, कोण विचारणार आहे कंधारचा माळ? तरी पाठ केलात तुम्ही. सगळ्या बॅचनी केला. मी फळ्यावर लिहिलं की खाली शंभर पेनं चालायची, कुणी मान वर करून विचारलं नाही, सर, तुम्ही कधी पाहिलं, कसं दिसतं? तू विचारलंस का? नाही ना. आणि मग मीटिंगमध्ये त्या इंजिनिअरांनी विचारलं, इकडं काही दुर्मिळ आहे का, तर तू हात वर केलास. पर्याय क. मग नमुना शोधला, चिठ्ठी जुळली. जुळणारच. दोन्ही मीच लिहिलेलं.

नाही, माझा आवाज कापतो, वयामुळं. घाबरायला काय झालं? मी एवढंच म्हणतोय की आत्ता मे महिना आहे, आणि मेमध्ये कुंपण घालून — तिथं आहेच काय कुंपण घालायला?

म्हणजे — दिसत नाही, असं म्हणायचं होतं मला. त्याचा कांदा, म्हणजे कंद, जमिनीत असतो. पावसानंतर वेल वर येतो, श्रावणात फूल, बोटाएवढं, कंदिलासारखं, माशी आत शिरते आणि आतले केस तिला माघारी फिरू देत नाहीत, ते सुकले की मग सुटते. दिवाळीनंतर वर काही नाही. तुम्ही पाहणी मेमध्ये केली, तर कुठल्याही माळावर काही दिसणार नाही. असलं तरी, नसलं तरी. असं बघू नकोस माझ्याकडं. नकाशा आणलाय का? दे. चष्मा... डोक्यावरच आहे, हो.

हा ओढा. हा महादेवाचा माळ, ओढ्याच्या अलीकडं. आणि ही लाल रेघ? ही जुनी? नवी? नवी. ओढा ओलांडून पलीकडून. पलीकडून का नेली? दुसरीकडून नेता येत होती. जमीन पडीक होती म्हणून. हां. पडीकच आहे ती. खापरमाळ म्हणतात त्याला.

फोन उलटा ठेव जरा. रेकॉर्डिंग चालू नाही ना? मला सवय आहे विचारायची. मी तुला — तुम्हाला ओळखत नाही, हे लक्षात ठेवा. पाठांतरावरून माणूस ओळखता येत नाही.

ते झाड मी शोधलं असं पुस्तकात आहे. मी नाही शोधलं. गुरम्मा नावाची बाई तिथं शेरडं चारायची, ती कांदे उकरून खायची, कच्चेच, पदराला पुसून. मी विचारलं, काय खाताय, तर म्हणे, ‘तुमी लिव्हताव तेच.’ हसली. पण मोठा कांदा काढला की शेजारचे बारके परत मातीत ठेवायची, टाचेनं दाबायची. मी त्याच्यावर शोधनिबंध लिहिला, तिचं नाव कुठं लिहिलं नाही. स्थानिक महिला, असं लिहिलं. मग भूकंप झाला. इकडं किल्लारीकडं सगळं पडलं, आणि माणसं यायला लागली, बाहेरची, गाड्या भरभरून. बहुतेक चांगली होती. त्यातच तो एक, गोल शिक्क्याचा. म्हणाला, मदतीच्या गाडीबरोबर आलोय, जाता जाता तुमचं काम बघायचंय, संवर्धन करायचंय. कुणीतरी माझ्या कामाबद्दल विचारलं, इतकाच आनंद होता मला. मी पोस्टकार्डावर नकाशा काढून दिला. ओढा, बाभळ, बांध. बाणसुद्धा काढला.

दहा दिवसांनी गुरम्मा एस.टी.नं लातूरला आली, कॉलेजात, अनवाणी, वर्गाच्या दारात उभी. म्हणाली, ‘मास्तर, तुमच्या पाव्हण्यानं पोतं भरून कांदं नेलं. बारकं बी ठिवलं न्हाईत. तुमीच धाडलं व्हतं का त्याला?’ आणि मी — वर्ग ऐकत होता, नाही, वर्ग ऐकत होता म्हणून असंही नाही — मी म्हणालो, नाही. मी कुणाला पाठवलं नाही. तिनं मान हलवली आणि गेली. तिला कळलं होतं, असं मला वाटतं. कधी वाटतं नसेल कळलं. मी पुन्हा गेलोच नाही तिच्यासमोर.

त्यानंतर मी नमुन्याची जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लावली. खापरमाळाच्या जागी महादेवाचा माळ. शाई तीच वापरली, तारीख तीच. आमच्या धंद्यात करतात असं, सगळेच नाही, पण करतात, झाड वाचवायला ठिकाण थोडं हलवतात. थोडं! मला तेवढ्यानं भागेना. पुढच्या चोराला खोटी जागा कळायची तर ती सगळ्यांना कळायला हवी, नाही का? म्हणून क्लासमध्ये प्रश्न घातला. दरवर्षी. शेकडो पोरांनी उत्तरपत्रिकेत तो गोल काळा केला. मला वाटायचं, केवढं मोठं कुंपण घातलंय आपण. आता बघ ना, खरंच घातलं की तुम्ही, तारेचं, सिमेंटच्या खांबांचं, आणि रस्ता नेला... थांब. नेला नाही अजून. सोमवारी म्हणालीस.

खापरमाळाचं नाव मी घेतलं का मघाशी? तुला आठवतंय? घेतलं. म्हणजे झालं. आता तू गोल शिक्क्यावाली असशील तर उद्याच पोतं घेऊन जाशील आणि तशी नसशील तर — तरी तुझ्या साहेबांना काय सांगशील? की प्राध्यापकांनी चिठ्ठी बदलली? सांगशील. सांगावंच लागेल. मग नमुना गेला, निबंध गेला, माझं नाव... शालीचं मला काही नाही, उन्हाळ्यात शाल कोण पांघरतं. पण त्या एका कागदाशिवाय माझ्याकडं दुसरं काय आहे, बाळ? बाकी सगळे पोरांनी काळे केलेले गोल.

आणि तिथं आता असेल की नाही, हेही मला ठाऊक नाही. पंचवीस वर्षं पाऊल ठेवलं नाही. त्या वेळी एकदाच चोरून बघून आलो होतो, अकरा उरले होते, कपारीत, त्याच्या कुदळीला सापडले नाहीत ते. अकराचे अकराशे झाले असतील किंवा शेरडांनी — मला ठाऊक नाही. कदाचित नसलेल्या झाडासाठी मी हे सगळं...

फोन चालू होता का? खरं सांग.

होता म्हणतेस.

राहू दे. नाही, बंद करू नकोस, चालूच राहू दे. माझं नाव राघवेंद्र वसंतराव कुरुंदवाडे, निवृत्त प्राध्यापक. त्या नमुन्यावरचं ठिकाण खोटं आहे. मी बदललं. खरं ठिकाण खापरमाळ, ओढ्याच्या दक्षिणेला, तुमच्या लाल रेघेच्या बरोबर खाली. ऐकू येतंय ना नीट? दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका. पावसापर्यंत मशीन लावू नका. एवढं पुरे. तुझा तो कागद इकडं दे, सहीच्या जागी हेच लिहून देतो. पेन तुझंच दे, माझी शाई बरी नाही.

घे. आता आधी माळावर जा, ऑफिसात मग. कपार तुला सापडणार नाही, गुरम्माचं घर विचार. थकली असेल, पण आहे, मागच्या महिन्यात तिकडच्या एका पोरानं सांगितलं. ती तुझं ओळखपत्र बघणार नाही, वाचता येत नाही तिला. ती फक्त विचारेल, कुणी धाडलं.

तर सांग, मास्तरनं धाडलं.

तेवढंच सांग. ऊठ आता. अगं, पाणी तरी संपव — आणि दार लावू नकोस, मी उघडंच ठेवतो.