ओस्टियारियस म्हणजे दारावरचा माणूस

फादर, आयाबायांनो, डोणगावकर मंडळी. मी मास्तर माणूस, उभा जन्म शाळेत बोलण्यात गेला. आज मात्र जीभ उचलत नाही. कारण गेलेल्या सायमनभाऊंचं मला कौतुक करायचं नाही. कबुली द्यायची आहे.

भाऊ आपल्या या चर्चचं दार उघडायचे, घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे. कुणीतरी त्यांना चपराशी म्हणालं. ते मनाला लागलं. माझ्याकडे आले. "मास्तर, माह्या कामाले काही नाव हाय का?"

म्हटलं, आहे की! ओस्टियारियस! लॅटिन शब्द. ओस्टियम म्हणजे दार. दार राखणारा तो ओस्टियारियस. पूर्वी बिशप स्वतः त्याच्या हाती किल्ल्या देत. घंटा त्याची, दार त्याचं. आणि बाप्तिस्मा न झालेल्याला पवित्र विधीच्या वेळी बाहेर ठेवणं, हेही त्याचंच काम.

भाऊ ताठ झाले. भाजीवाल्यालाही सांगायचे, "मी चपराशी नाही बे, ओस्टियारियस हाय!" आपण हसलो. मीही हसलो.

मग नाताळ आला. भाऊंची एकुलती एक रूथ, दुसरबीडच्या हिंदू घरात रजिस्टर लग्न करून गेलेली, नवऱ्याला घेऊन आली. भाऊ दारात आडवे उभे. "तू ये माय. त्याचा बाप्तिस्मा नाही, तो बाहेर थांबीन."

रूथ म्हणाली, "बाबा, काऊन असं करून राह्यले? तो बाहेर, तर मीबी बाहेर."

दोघं परत गेली. सहा वर्षं आली नाहीत. मी तेव्हा आतच होतो. उठलो का? नाही उठलो.

लोकहो, मी भाऊंना काम सांगितलं, कारण सांगितलं नाही. त्या जुन्या काळी ख्रिस्ती माणसाला पकडून मारत. दारावरचा माणूस खबऱ्यांना अडवायचा, आतल्यांचा जीव वाचावा म्हणून. जावयाला अडवायला नव्हे! आणि हे पद चर्चनंच केव्हाचं बंद केलं. मला ठाऊक होतं. पण भाऊ इतके खुशीत होते, माझ्याच्यानं सांगवलं नाही.

मागच्या महिन्यात भाऊ दवाखान्यात पडून होते, तेव्हा सांगितलं. भाऊ म्हणाले, "मास्तर, मंग मी कोणासाठी अडवलं हो तिले?"

मी विचारलं, रूथला फोन लावू का? "नोका. बरा झालो की मीच जाईन दुसरबीडले. माफी समोर जाऊन मागा लागते." ते बरे झाले नाहीत.

आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहणार आहोत. पण थांबा. रूथ आणि तिचा नवरा मघापासून बाहेर निंबाखाली उभे आहेत. आपण सगळ्यांनी पाहिलं. एकानंही बोलावलं नाही, मीही नाही.

रूथ, माय, चूक माही होती. तुह्या बापाले तुह्याकडे यायचं होतं. ये. जावईबापू, तुम्हीबी या. जागा करा रे पुढं.

ते दोघं आत आल्याशिवाय मी कुणालाच उभं राहा म्हणणार नाही.