रिमोट कुणाच्या हाती

दवाखान्यात बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. मागच्या बाकावर नवरा-बायको बोलत होते.

“अहो, रेकॉर्डर नीट जोडलाय ना? आज पहिल्यांदा लेक टीव्हीवर गाणार आहे.”

“जोडलाय गं. डिशच्या बॉक्सची वायर रेकॉर्डरला, तिथून टीव्हीला.”

“म्हणजे बॉक्सवर जे चॅनल, तेच रेकॉर्ड होणार?”

“हो. तिचंच चॅनल लावून निघालोय.”

“आणि आईंची मालिका?”

“अरे देवा!”

“लावा फोन!”

“हॅलो, आई? चॅनल बदलू नकोस हं... काय? बरं, बरं.”

“बदललं ना? वाटलंच मला!”

“नाही गं. म्हणते, रिमोट उशीखाली घालून वर मीच बसलेय. तुझे बाबा मॅच लावायला टपलेत!”